गणपूर्ती

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, साडेतीनला,
विश्रामबागेतल्या कॉलेजात, घोड्याच्या सांगाड्यामागच्या खोलीत
आम्ही जमतो. पाचजण. फार तर सहा.
कुलूप काढता काढता भीमू खोत विचारतो,
"आज काय, बुळबुळवाले व्हय?"

त्याला नाव सापडलं. आम्हाला अजून नाही.
जैवपटल म्हणावं तर मोतीबिंदूचा भाऊ वाटतो.
भूपाल चौगुले म्हणतात, सरळ साय म्हणा.
शिरीन म्हणते, नको, मला घरी दूध पिववणार नाही.
इतिवृत्तात मी 'थर' लिहिते
आणि पुढे एका शब्दाची जागा सोडते.

भूपाल कारखान्यात केमिस्ट.
हंगामात त्यांच्या बाहीला मळीचा वास असतो.
तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात पडला
की रसाला तार सुटते, गाळण्या तुंबतात.
"आमचा मुकादम पोचायच्या आत
ह्यांची टोळी फडात खोपी घालून मोकळी!"

नजीरभाई शिकलगार पाणीपुरवठ्यातले.
पस्तीस वर्षं क्लोरीन प्यालेल्या पाइपाचा तुकडा
एकदा पेपरात गुंडाळून घेऊन आले, कलिंगडाच्या फोडीसारखा.
"वरनं औषध जातंय,
खाली हे गादी टाकून बसलेत."

दातांच्या डॉक्टर अनुया मगदूम
बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधीच बघत नाहीत.

एकटा जीवाणू तसा कुणाचाच नसतो.
वाहत येतो, भिंतीला टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो.
एक बारकासा रेणू सोडतो बाहेर,
अंधारात कुणी खाकरावं तसा.
शेजारी कुणी खाकरलं तर ऐकतो.
पुरेसे झाले की ठरतं: आता इथंच.
मग पोहायची शेपटी टाकून देतात,
चिकट भिंती उभारतात, मधून पाण्याला बोळ ठेवतात.
वरचे औषधानं मरतात.
तळातले उपाशी, झोपलेले,
झोपेतच वाचतात.

ह्या खाकरण्याच्या हिशोबाला शास्त्रात कोरम म्हणतात.
आपल्याकडे शब्द होताच की,
सोसायटीच्या नोटिशीत, शेवटच्या ओळीत, बारीक टायपात.

भाद्रपदात शिरीननं मिरजेहून बाटली आणली.
रुग्णाची नळी, लघवीची, उभी चिरलेली.
नमुना एक्केचाळीस. नाव नाही, नियम आहे.
आम्ही जांभळा रंग चढवला, धुतला,
एकेकानं डोळा लावला.
आत गाव वसलं होतं.
नजीरभाई हळूच म्हणाले, सुभानल्ला,
आणि लगेच ओशाळले.

भूपाल सगळ्यात जास्त वेळ वाकून होते.
"किती दिवस होती आत?"
"एकोणीस," शिरीन म्हणाली, कागद बघून.
"वीस," ते म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

कुणी काही विचारलं नाही.
बाटलीवरची चिठ्ठी शिरीननं
भिंतीच्या बाजूला फिरवून ठेवली.

पुढच्या शनिवारी मी आणि नजीरभाई, दोघंच.
अनुयाताईंचा फोन आला, शिरीनचा नाही आला.
पंखा फिरत होता, सूक्ष्मदर्शकावर खोळ होती,
भीमूनं सवयीनं पाच कप मांडले होते.
वहीत मी तारीख घातली
आणि खाली, पाठ असल्यासारखं, लिहून टाकलं:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल;
त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

नजीरभाईंनी ते उलटं वाचलं, समोरून.
"बराय की," म्हणाले. "बसूया."

चार वाजून पाच मिनिटं झाली.
चहावर साय धरली होती, कुणीच काढली नाही.
जिन्यात कुणीतरी खाकरलं.